पिवळ्या फितीखाली

सोमवार, ३

आज एका कुत्र्याने माझा अंगठा फोडला, म्हणून ही वही सुरू झाली. आत्या म्हणाली, "पट्टी आहे तोवर पाण्यात हात घालू नकोस. बसून नोंदी कर," आणि ही लांबलचक वही माझ्यापुढे आपटली. पुढच्या पानांवर दुकानाच्या नोंदी: कुठलं कुत्रं आलं, केस कापले की नुसती आंघोळ, चावरं आहे का. मागच्या पानांवर मी.

आत्याचं दुकान कुत्र्यांचे केस कापायचं आहे. बाबा अजून चारचौघांत "बहिणीचं सलून आहे" एवढंच सांगतात. एक खोली, पुढे मोठी काच, मधोमध रबर चिकटवलेलं टेबल, टेबलाला लोखंडी दांडा आणि दांड्याला कुत्र्याच्या गळ्यात अडकवायचा फास. मागे न्हाणीघर. ड्रायर चालू केला की विमान डोक्यावर उतरल्यासारखं वाटतं. काम झालं की प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात कापडी फीत बांधायची, पुढे फुलासारखी गाठ. ही आत्याची पद्धत. फीत दिसली की रस्त्यावर लोक ओळखतात, हे आमच्याकडचं कुत्रं.

मी इथे आलो त्याला तीन आठवडे झाले. दोन वर्षांतलं हे सातवं काम. टायर, बर्फाचा कारखाना, बोटी रंगवणं, मग काय काय. बोटींचं काम बरं होतं. बोटीच्या पोटाखाली उताणं पडून रंग मारायचा, सगळा रंग आपल्याच नाकात, आणि मुकादम वरून ओरडायचा की... जाऊ दे, ते नंतर. माझी पिशवी दाराच्या खुंटीला आहे. अजून रिकामी केलेली नाही. आत्या मला भिरभिरं म्हणते.

मंगळवार, ४

चौकापलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर आल्या होत्या. पायात गमबूट, खिशात बाटली. बाटलीत स्पिरिट आणि त्यात एक अळी, पांढरट, अंगभर वेटोळ्या कंगोऱ्यांची, स्क्रूसारखी.

"हे कालच्या मांजराच्या कानातून काढलं," डॉक्टर म्हणाल्या. "अशा सत्तर निघाल्या. मांजर गेलं."

नवीन माशी आली आहे म्हणे. नेहमीची माशी कुजलेल्यावर बसते, ही ताज्या रक्तावर. खरचटलं असेल, काटा टोचला असेल, गोचीड चावून भोक पडलं असेल, तरी तिला पुरतं. कडेला दोनशे अंडी घालते. अर्ध्या-एक दिवसात अळ्या निघतात आणि डोकं खाली करून जिवंत मांसात शिरतात. आठवडाभर खातात, मग जमिनीवर पडतात, मातीत शिरतात आणि माशी होऊन वर येतात. म्हणून काढलेली अळी कधी फेकायची नाही, स्पिरिटमध्येच टाकायची.

डॉक्टर पुढे बरंच बोलल्या, पण बाहेर क्रेनने कुणाचं तरी कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवत होते आणि ते कपाट असं काही गरगरायला लागलं की माझं निम्मं ऐकायचं राहिलं. आत्याने नंतर माझ्याकडून पाठ करून घेतलं. जनावर रोज दोनदा तपासायचं, नाकापासून शेपटीपर्यंत, केस बोटांनी बाजूला करून. दिवसा मोकळं सोडायचं नाही, ही माशी उन्हात फिरते. खिडक्यांना जाळी. जखम दिसली की झाकायची आणि थेट दवाखान्यात. "रॉकेल किंवा फिनेल ओतणारा दिसला, तर त्यालाच पाजेन मी," असंही डॉक्टर म्हणाल्या. तेवढं मी स्वतः ऐकलं होतं.

"आणि आपलं," आत्या म्हणाली, "मशीन लागलं, कात्री लागली, रक्ताचा ठिपका जरी आला, तरी मालकाला तिथल्या तिथे सांगायचं आणि पुढच्या पानावर लिहायचं. त्या दिवशी फीत नाही. पट्टी बांधून पाठवायचं. कळलं का रे भिरभिऱ्या?"

"कळलं की."

"काय कळलं?"

"फीत नाही, पट्टी."

गुरुवार, ६

आज समोर एक कुत्रं मारलं. लिहायचं नव्हतं, पण डोळ्यांपुढून जात नाही.

भटकं होतं, तांबड्या रंगाचं. कमरेवर मूठ जाईल एवढं भोक, आणि ते भोक हलत होतं. टायरच्या दुकानातले तिघे बाहेर आले. एकाच्या हातात नट खोलायचा पाना, एकाच्या हातात पहार. आधी हाकलायला म्हणून मारलं. कुत्रं मागच्या पायांवर बसलं ते उठेना. मग त्यांना रंग चढला. एक मारायचा आणि मागे व्हायचा, दुसरा पुढे. एकाने पायावर मारलं तर दुसरा म्हणाला, "हाड! नेम बघ माझा." जबडा फुटला तरी कुत्रं ओरडतच होतं. मी काचेच्या आतून बघत होतो. हातात ओला टॉवेल होता, तो पिळत होतो.

समोरच्या दुकानातून किल्लीवाले काका बाहेर आले. कुलपं दुरुस्त करतात, किल्ल्या बनवतात. डोंगराएवढा माणूस आणि हातात कायम छोटी छोटी कामं. त्यांनी हातोडा आणला होता. पाना धरलेल्याला त्यांनी खांद्यावर असा ठेवून दिला की पाना गटारात गेला आणि तो खाली बसला. मग वाकून कुत्र्याच्या कपाळावर एकच घाव. संपलं.

"मारायचं तर मारा," ते म्हणाले. "खेळू नका."

हातोडा पायजम्याला पुसून परत आत गेले आणि किल्ली घासायला लागले. घासल्याचा आवाज इथपर्यंत येत होता.

आत्या म्हणाली, त्यांची बायको होती तोवर हा माणूस असा नव्हता. मी म्हटलं, कसा होता? ती म्हणाली, "असाच होता. पण ती होती."

शनिवार, ८

भरपूर गर्दी. दुपारी किल्लीवाले काका त्यांचं कुत्रं घेऊन आले. नाव मफलर. लांब राखाडी केस, तोंड कुठे आणि शेपूट कुठे ते चालायला लागल्यावरच कळतं. बायकोचं कुत्रं. दर महिन्याला तीच घेऊन यायची, आत्याची मैत्रीणच होती. ती गेल्यावर चार महिन्यांनी आज पहिल्यांदाच काका आले.

"केस काप याचे. माझ्याच्याने होत नाही. फणी घेतली की गुरगुरतो."

आत्या न्हाणीघरात एका मोठ्या कुत्र्याबरोबर कुस्ती खेळत होती. तिथूनच ओरडली, "भिरभिऱ्या, तू घे. मानेला जटा असतील, हळू."

मी घेतलं. खरं म्हणजे छान चाललं होतं. मफलर शांत उभा होता, डोळे मिटून. काका खुर्चीत, गुडघ्यांवर हात ठेवून. मानेच्या उजव्या बाजूला जट होती, तिच्याखाली पातं घातलं आणि तेवढ्यात रस्त्यावरून ट्रकवर चढवलेली एक अख्खी बोट गेली. निळी. मी रंगवायचो तसलीच, खालच्या पट्ट्याचा रंगही तोच. मी म्हटलं, ही आपण रंगवलेली तर नव्हे? तिचा नंबर दिसतो का म्हणून मान वळवली.

मफलरने एवढंसं 'क्यंव' केलं. फार काही नाही. दोन तांदळांएवढं कातडं निघालं होतं. रक्त थांबवायची पावडर दाबली, थांबलं. काका भिंतीवरच्या फोटोंमध्ये आपल्या बायकोचा फोटो शोधत होते, त्यांना कळलं नाही.

सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण काका म्हणाले, "फीत पिवळी बांध. ती पिवळीच बांधायची," आणि त्यांचे हात गुडघ्यांवरच होते, आणि मला तो हातोडा आठवला. पिवळी फीत बांधली. जरा रुंद आहे ती, बरोबर त्या जागेवर आली.

"काढायची कधी?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या की," मी म्हणालो. "पुढच्या वेळेपर्यंत राहिली तरी चालते."

"तीही ठेवायची," ते म्हणाले.

ते गेल्यावर आत्या न्हाणीघरातून ओलीचिंब बाहेर आली. टेबलाकडे बघत म्हणाली, "कुठे लागलं का रे?"

"नाही."

दोन तांदूळ म्हणजे लागलं नाहीच. दाढी करताना माणसाला याहून जास्त कापतं.

रविवार, ९

सुट्टी. दिवसभर भटकलो, तीन पूल ओलांडले. परत आलो तर आत्या मशीनची पाती धूत बसली होती. म्हटलं, हे माझं काम आहे ना? म्हणाली, "राहू दे. कधीकधी मीच धुते." पाती पुसून ओळीने मांडली. मग म्हणाली, "काही सांगायचंय?" मी तिला पुलांबद्दल सांगितलं.

मंगळवार, ११

मफलर जेवत नाही म्हणे. काका दारात उभे राहून आत्याला सांगत होते. सारखं डोकं झटकतो, कोपऱ्यात बसतो, हात लावू देत नाही.

"दवाखान्यात दाखवा," आत्या म्हणाली.

"दवाखान्यात कशाला? तिची आठवण काढत असेल. मलाही जेवण जात नाही. मला कोणी दवाखान्यात नेतं का?"

ते गेल्यावर आत्याने मला विचारलं, "पूर्ण बघितलं होतंस ना? नाकापासून शेपटीपर्यंत?"

"हो गं."

"मग ठीक. उद्या मी जाऊन बघून येते."

मीच जावं असं मनात आलं होतं. सहज गेल्यासारखं जायचं, फीत वर करून डोकवायचं, बस. चपलाही घातल्या. पण कोपऱ्यावर वायरमन भेटला, त्याच्या शिडीचा पाय मोडला होता, ती धरायला उभा राहिलो आणि मग जेवायची वेळ झाली. तसंही पावडर लावली होती. पावडर लावल्यावर काही होत नाही.

बुधवार, १२

सकाळी समोरून आरडाओरडा. किल्लीवाल्यांच्या दुकानामागेच त्यांची खोली आहे, दार उघडं होतं. काका मफलरला उचलायला गेले आणि त्याने त्यांच्या तळव्याचा लचकाच तोडला. रक्त टपटप खाली पडत होतं.

काकांनी खुंटीवरचा पट्टा काढला.

मी मोजलं नाही. पहिल्या दोन-तीनला तो गुरगुरत होता, मग नुसता कॉटखाली सरकायला बघत होता, आणि काका त्याला मागच्या पायाला धरून बाहेर ओढत होते. "तिला कधी चावलास? तिला चावलास कधी?" एवढंच परत परत. पट्ट्याचं बक्कल फरशीवर आपटायचं तेव्हा वेगळा आवाज, मफलरवर आपटायचं तेव्हा वेगळा. फीत पिवळी राहिली नव्हती. मानेकडे काळपट ओली झाली होती.

मी आमची खिडकी लावून घेतली. माशांसाठी. डॉक्टरांनी सांगितलंच आहे.

आत्या बाजारात गेली होती. आल्यावर मी तिला एवढंच सांगितलं की मफलर चावला. ती लगेच समोर गेली, पण तोवर काका दुकानाला कुलूप लावून हाताला टाके घालायला गेले होते.

गुरुवार, १३

सकाळी दुकान उघडायच्या आधी काका आले. मफलर चादरीत गुंडाळलेला. आधी वास आला, मग ते आले. गोड आणि सडका, असा वास मी बर्फाच्या कारखान्यात एकदा घेतला होता, वीज तीन दिवस नव्हती तेव्हा. नाही, ते नको आत्ता.

आत्याने चादर उघडली. कात्री घेतली आणि फीत कापली. फितीबरोबर केसांचा एक पुंजका आणि त्याच्याबरोबर कातडं आलं.

मानेच्या उजव्या बाजूला भोकं होती. कडा फुगलेल्या, आणि आत दाटीवाटीने ती पांढरी बुडं, सगळी एकदम श्वास घेतल्यासारखी वरखाली होत होती. उजेड पडला तशी आत सरकली. मफलरच्या तोंडून जो आवाज आला तो कुत्र्याचा नव्हता.

"डॉक्टरांना आण. पळ!"

परवासारखं वाटेत कुठे बघितलं नाही. डॉक्टर गमबुटातच पळत आल्या. म्हणाल्या, हलवायला नको, इथेच काढू. एक इंजेक्शन दिलं. "झोपणार नाही पुरता. अशा अवस्थेत जास्त देता येत नाही. धरा."

मी डोकं धरलं, काकांनी पाय. डॉक्टर चिमट्याने एकेक ओढत होत्या. अळी सहज येत नाही, कंगोऱ्यांनी आत धरून बसते. ओढली की मांसाचा धागा येतो. मफलर उसळला की टेबलाचा दांडा खडखडायचा. एकदा त्याने माझ्या बाहीत दात रोवले आणि तसाच धरून राहिला, मीही राहू दिलं. डॉक्टर बाटलीत टाकताना मोजत होत्या. एकशे बारा. एक खाली पडली तर त्यांनी गुडघ्यांवर बसून ती शोधून काढली.

"मानेच्या मोठ्या शिरेला बोटभर अंतर राहिलंय," त्या म्हणाल्या. "चार-पाच दिवसांचं आहे हे. सुरुवात बारीक कापल्याची आहे. सरळ कड आहे बघा इथे. पात्याची."

काकांनी मफलरचे पाय सोडले.

"हात कुणाचा होता?" काकांनी विचारलं. ते माझ्याकडे वळले होते. मी मफलरच्या मानेकडे बघत राहिलो.

"माझा," आत्या म्हणाली. "पोरगं आंघोळी घालतं नुसतं. मान मीच केली."

डॉक्टर मफलरला घेऊन दवाखान्यात गेल्या. काका त्यांच्याबरोबर गेले नाहीत. रस्ता ओलांडून गेले, हातोडा घेऊन परत आले.

पहिला ड्रायर. मग काच, पूर्ण काच, तिचे तुकडे टबापर्यंत उडाले. मग फोटो. मग टेबलाचा दांडा, तो वाकेपर्यंत. आत्या जागेवरून हलली नाही. तिचा हात टेबलावर होता. ती म्हणाली, "अहो, ऐका," आणि त्यांनी त्या हातावर घाव घातला.

हे मी ऐकलं. बघितलं नाही. मी न्हाणीघरात होतो. दार आतून लावलेलं होतं. नळ का सोडला होता ते सांगता येणार नाही.

शुक्रवार, १४

आत्याचं मनगट दोन ठिकाणी मोडलंय. कोपरापर्यंत प्लास्टर. उजवा हात. मी दिवसभर काचा गोळा केल्या.

शेजारच्या शिंपिणीने सांगितलं, पोलिसांत द्या. आत्या म्हणाली, "कशाला? ज्याला मारायचं होतं त्याला मारलं नाही त्याने, एवढंच." म्हणजे काय कोणास ठाऊक. औषधांची गुंगी असेल.

तिला एका हाताने वेणी घालता येईना. मी घातली. कुत्र्यांच्या जटा सोडवून सोडवून हात बसलाय. ती म्हणाली, "बरी घातलीस." मला ते ऐकवेना.

शनिवार, १५

पिशवी घेऊन स्टँडवर गेलो होतो. आत्याला ओझं कशाला? एका हाताने दोघांचं काय काय करणार ती? बसही लागली होती, खिडकीची जागाही मिळाली. मग आठवलं, वही राहिली. वहीत सगळं आहे, असं कसं सोडून जायचं? फक्त वहीसाठी उतरलो.

आत्या दारातच बसली होती. पिशवी बघितली तिने.

"वही टेबलावर आहे," म्हणाली. "वाचली नाही मी. वाचायची गरज नाही."

बस गेली असेल म्हणून मग राहिलो.

सोमवार, १७

मफलर जगला. घरी पाठवलाय, पण जखम उघडी ठेवून आतून भरू द्यायची आहे. दिवसातून दोनदा ड्रेसिंग: धुवायचं, औषध, जाळीदार पट्टी, वरून बांधायचं. एक वेळ चुकली आणि एक माशी बसली, तर पहिल्यापासून सगळं, आणि या वेळी शीर वाचणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. काकांचा तळवा शिवलेला, शिवाय मफलर त्यांना जवळ येऊ देत नाही. डॉक्टरांकडे माणूस नाही, रोज अशी सात-आठ जनावरं येतायत. आत्याचा हात असा.

"तू जा," आत्या म्हणाली.

"त्यांच्या घरात? मी?"

"मग काय मी जाऊ?"

गेलो. मागच्या खोलीला त्यांनी जाळी ठोकली आहे, खिडकीला, दाराला, मोरीच्या भोकालासुद्धा. भिंतीवर नुसती कुलपं. मफलर कॉटखाली. काका पुढे झाले तर आतून दात दिसले. मी पालथा पडून अर्धा तास काहीबाही बडबडत राहिलो, बोटींबद्दल बहुतेक. मग आला. धुताना चावला, त्याच जुन्या अंगठ्याला. मी धुत राहिलो.

बुधवार, १९

भोक तळापासून लाल व्हायला लागलंय. डॉक्टर म्हणाल्या, लाल म्हणजे चांगलं.

काका दारात उभे असतात. आज एकदम म्हणाले, "आतून ते खात होते आणि वरून मी मारत होतो."

मी पट्टी गुंडाळत राहिलो.

"आणि त्याने बोंब मारून दुसरं काय सांगायचं होतं मला?"

शुक्रवार, २१

काल रात्री वारा सुटून त्यांची जाळी एका कोपऱ्यात फाटली. सकाळी गेलो तर खोलीत माशी. निळसर हिरवी, डोळे तांबडे. काका हातात चप्पल घेऊन तिच्यामागे. एवढा मोठा माणूस, कॉटवर चढतोय, उतरतोय, भिंतीवरची कुलपं खाली पडतायत, आणि तोंडाने शिव्यांची माळ. मी मफलरला शर्टाखाली घेऊन कोपऱ्यात बसलो. शेवटी मारली. मारल्यावरही मारत राहिले. भिंतीवर डाग उरला, तरी चप्पल चाललीच होती.

मग खाली बसले आणि म्हणाले, "तुझ्या आत्याचा हात मोडून झाला. पण राग जात नाही रे. अजून कुणाला तरी मारायचं राहिलंय असं वाटतं. मलाच असेल."

सांगायचं ते तेव्हाच सांगायला हवं होतं. जाळी कुठून फाटली, तेवढं विचारलं. मफलर शर्टाच्या आत धडधडत होता. का माझंच होतं ते, कळलं नाही.

रविवार, २३

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर वाकडं आहे.

सकाळी आठला गेलो. पट्टी सोडली. आता भोक उरलंय अंगठा बुडेल एवढं. धुतलं, औषध घातलं. मफलर माझ्या मांडीवर मान टाकून पडला होता, डोळे मिटून, त्या शनिवारी टेबलावर होता तसाच. तेच डोळे. आणि मी बोललो. ठरवलं नव्हतं.

"काका, मान मी कापली. आत्याने नाही. बोट बघत होतो."

"कसली बोट?"

"ट्रकवरून चालली होती. मी रंगवलेली आहे का ते बघत होतो. लागलं ते कळलं होतं मला. वरून फीत बांधली."

ते मफलरच्या मानेकडे बघत होते.

"आणि मी विचारलं, काढायची कधी," ते म्हणाले.

"हो."

"पट्टी बांध."

एक वेढा ढिला पडला. "नीट बांध," ते म्हणाले. "ढिली नको. दोन बोटं जातील एवढीच." मी सोडली, परत बांधली. त्यांनी वाकून स्वतः दोन बोटं घालून बघितली. आज मफलर गुरगुरला नाही. मग मी त्याला आतल्या कोठीत ठेवला, त्यांनी कडी लावली, आणि वळले.

हातोडा घेतला नाही. हातानेच. पहिल्यात ओठ फाटला, दुसऱ्यात भुवई, मग मी खाली होतो. बरगड्यांत लाथ बसली तेव्हा श्वास कुठे गेला तो सापडेना. उजवा हात मी तोंडावर घेतला होता, त्याची दोन बोटं पायाखाली गेली. ते काहीच बोलत नव्हते, हे सगळ्यात वाईट. मी पळालो नाही. दार मागेच होतं, कडी लावलेली नव्हती. हे मी वहीत मुद्दाम लिहून ठेवतोय.

मफलर कोठीच्या दारावर धडका मारायला लागला. ओरडत, नखांनी फळी खरवडत, परत धडक.

मीच म्हणालो, म्हणजे तोंडात रक्त होतं, जमेल तसं म्हणालो, "काका, पट्टी सुटेल त्याची."

ते थांबले. मूठ वरच होती. दोघांनी एकदमच कडीला हात घातला. पट्टी मानेवरून सरकली होती, एका बाजूने जखम दिसत होती. मी धरला, त्यांनी बांधली. त्यांच्या मुठीवर माझं रक्त होतं, ते आधी साबणाने धुऊन आले. मफलरने त्यांना बांधू दिलं. मग दोघांकडे एकदा बघितलं आणि कॉटखाली निघून गेला.

मी उठून दाराकडे निघालो.

"थांब," ते म्हणाले. "इकडे बस. तोंड वर कर."

मफलरच्याच डब्यातला कापूस, त्याचंच औषध. भुवई धुतली, ओठ पुसला, दाबून पट्टी चिकटवली. हात जड होता, पण काम कुलपाचं असल्यासारखं बारीक. बोटं मोडलीत का ते एकेक वाकवून बघितलं. केस बोटांनी बाजूला करून डोकंही तपासलं.

"उघडी जखम घेऊन उन्हात जाऊ नकोस," ते म्हणाले. "माशा आहेत."

मी जाळीचं दार ढकललं तेव्हा मागून म्हणाले, "संध्याकाळी पाचला. चुकवू नकोस. आणि तिला सांग, मी येईन. कुठल्या तोंडाने येऊ ते कळलं की येईन."

रस्ता ओलांडायला खूप वेळ लागला. आत्या दुकानात एका हाताने नोंदींची पानं चाळत बसली होती. मला बघून उठली नाही, किंचाळली नाही. भुवईकडे बघितलं, ओठाकडे बघितलं, बोटांकडे बघितलं.

"कुठे लागलं का रे?" तिने विचारलं.

"हो आत्या," मी म्हणालो. "मानेला. उजव्या बाजूला. शनिवारी."

तिने वही माझ्याकडे वळवली, पुढच्या बाजूने, आठ तारखेचं पान. मफलरच्या नावापुढे तिने एक ओळ कोरी ठेवली होती. पेन माझ्या डाव्या हातात दिलं.

"लिही," म्हणाली.

लिहिलं. मग इथे मागे येऊन हे लिहितोय. साडेचार झाले. निघतो.